सीलबंद विमानातले साहेब

विमानतळावरच्या एका तपासनिसाला, ऊठसूट नियमाचं कलम दाखवतो म्हणून, सगळे कलमबहाद्दर म्हणत, आणि त्यालाही ते मनापासून आवडे. परदेशी लष्करी विमान इंधनासाठी उतरलं की सरकारच्या वतीनं त्याच्यावर नजर ठेवायची, हे त्याचं काम. नोकरी मात्र अजून कच्ची होती. पक्की करायची की घरी पाठवायचं, ते विमानतळाचे मोठे साहेब त्याच दिवशी लिहून देणार होते. सकाळी निघताना त्यानं बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं, की आज माझ्या कामावर कोणी बोट ठेवून दाखवावं.

आणि खरं सांगायचं तर काम देखणंच होतं त्याचं! परवानगीपत्र दोनदा वाचलं, शेपटीवरचा नंबर ताडून पाहिला, एकाही सैनिकाला पायरी उतरू दिली नाही. दार सीलबंद असेपर्यंत विमानातून काही बाहेर येणार नाही, आत काही जाणार नाही, अशी अट होती. त्यानं दार लावून घेतलं, त्यावर सरकारी सील चिकटवलं आणि जिना हलवायला लावला. मग चार पावलं मागं सरून बघतो तर वैमानिकाच्या खिडकीत मोठे साहेब, हात हलवताहेत. शाबासकीच मिळाली म्हणून यानंही झोकात हात हलवला. आणि मग त्याची नजर दारावरच्या सीलकडे गेली.

विमानातले कॅमेरे झाकलेत का ते बघायला साहेब स्वतः आत गेले होते. हा तेव्हा शेपटीखाली मान वर करून नंबर वाचत होता.

वैमानिकानं खिडकी सरकवली. आतून दार उघडतो म्हणाला, पण साहेबांनीच त्याला अडवलं. परक्या लष्करानं आमचं सील तोडलं तर विमान इथंच अडकवावं लागेल, असं त्यांनी शांतपणे समजावलं. सील काढायला लेखी हुकूम लागतो, आणि हुकमावर सही चालते ती एकट्या मोठ्या साहेबांची. विमानाची परवानगी संपायला वीस मिनिटं उरलेली. तेवढ्यात काही जमलं नाही तर साहेब पासपोर्टाशिवाय परदेशी जाणार!

साहेबांनी वहीचा कागद फाडला, हुकूम लिहिला आणि खाली सोडायला हात बाहेर काढला.

"नको साहेब," खालून कलमबहाद्दर म्हणाला. "विमानातून काही बाहेर यायचं नाही."

इंधनवाल्यानं कपाळावर हात मारला. आपली नोकरी त्याच हातात आहे, हे काय याला कळत नव्हतं? पण अट म्हणजे अट.

साहेब कागद खिशात घालून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पुढं?"

यानं दिवे पुसणाऱ्यांची उंच शिडी मागवली. बिनसहीचा हुकूम स्वतः लिहून फळीवर लावला, वर चढला आणि फळी खिडकीबाहेर धरली. कागद याचा, पेन याचं. साहेबांनी कोपरापर्यंत हात बाहेर काढून सही केली आणि हात रिकामाच आत घेतला. तीही नोंद यानं वेळेसकट केली. ते बघून वैमानिकानं कडक सलाम ठोकला.

सील निघालं, साहेब उतरले, विमान वेळेत उडालं. संध्याकाळी टेबलावर साहेबांचा शेरा आला. त्यानं तो दोनदा वाचला.

"नोकरीत कायम करावे. असा माणूस शोधून सापडणार नाही. मात्र दार लावण्यापूर्वी आत कोण आहे, ते बघत जावे."

कलमबहाद्दरानं लगेच नियमांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. तसं कलम कुठंच नव्हतं.