टाकी फुल्ल करा

"विमान म्हणजे काय हो, पंख लावलेली मोटारच की!" गिऱ्हाइकाला बेसिन दाखवता दाखवता जो माणूस असलं वाक्य फेकतो, त्याच्याकडून बेसिनसुद्धा घेऊ नये. पण लोक घेत होते, कारण त्या रस्त्यावर नळ आणि बेसिनचं तेवढं एकच दुकान होतं. दुकानाचा हा मालक स्वतःला कॅप्टन म्हणवून घ्यायचा. हे नाव लोकांनी दिलेलं नव्हतं. फ्लाइंग क्लबात पैसे भरले, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच ते कार्डावर छापून घेतलं. वर एक विमान, खाली एक नळ. तोवर स्वारी विमानात दोनदा बसली होती आणि दोन्ही वेळा झोपली होती.

हे खूळ सासऱ्यांपायी डोक्यात शिरलं होतं. सासरे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. एकतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले, आणि काटा खोटा असला की त्यांना तो दारातूनच कळायचा. जावयाचंही माप त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी काढलं होतं. "जावईबापू सुरुवात छान करतात," एवढंच ते म्हणाले होते. त्यात खोटं काहीच नव्हतं. व्हायोलिनचे नऊ धडे झाले, दहावा राहिला. पोहायला गेला, तेव्हा पाय मारायला आले, हात मारायचे राहिले. परदेशी भाषेत 'नमस्कार' आणि 'मुतारी कुठे आहे' इथवर मजल गेली. वीस वर्षांत सासऱ्यांच्या तोंडून 'शाबास' हा शब्द त्याला एकदाही ऐकायला मिळाला नव्हता, आणि तो ऐकल्याशिवाय मरायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. परवाना काढायचा, सासऱ्यांना शेजारी बसवायचं आणि वर नेऊन तो शब्द काढून घ्यायचा, असा बेत.

पहिली पायरी डॉक्टरची. डोळे, कान, छाती, सगळं तपासतात. गड्यानं आधी तीन आठवडे काकडीवर काढले. बायको भाजीला फोडणी द्यायला लागली की हा गॅलरीत जाऊन उभा राहायचा. नव्वद किलोंवरून त्र्याऐंशीवर आला, डॉक्टरांनी त्र्याऐंशी लिहिलं, आणि बाहेर पडून त्यानं पहिलं काम केलं ते समोरच्या बेकरीत शिरण्याचं. पण त्र्याऐंशी हा आकडा मात्र त्यानं जन्मतारखेसारखा कायमचा धरून ठेवला. पुढे कुठल्याही कागदावर वजनाची चौकट आली की त्र्याऐंशी. काट्यावर म्हणून तो पुन्हा चढला नाही. एकदा सरकारी सही झाली की पुन्हा मोजायचं कशाला?

दुसरी पायरी अभ्यासाची. हवामान, नकाशे, नियम, इंजिन. बायको इस्त्री करता करता प्रश्न विचारायची आणि हा कोचावर आडवा पडून उत्तरं चुकवायचा.

"हवा तापली की विमान लवकर उचलतं की उशिरा?" बायको विचारायची.

"लवकर."

"उशिरा. कालही हेच चुकलं होतं. बरं, आता वजन आणि तोल. मोठा धडा आहे हा."

"तो सोड गं. आयुष्यभर बेसिनं उचलली मी. मला वजन शिकवणार हे?"

धडा राहिला. परीक्षेत त्यावर फक्त दोन प्रश्न आले, तेही बायकोनं तुरी सोलताना घोकून घेतलेले. कॅप्टन पास झाला आणि दुकानात पेढे वाटले. बायकोला पेढा मिळाला तो उरलेल्यातला.

तिसरी पायरी प्रत्यक्ष उडण्याची. शिकवायला एक बाई होत्या. वय पस्तिशीचं, अंगानं काडी, वजन पन्नास किलो, आणि आवाज असा की इंजिनाला दबून राहावं लागे. कॅप्टनच्या उतरण्याला त्या उतरणं म्हणत नसत, आदळणं म्हणत. "जमीन कुठे पळून चालली नाही," त्या सांगायच्या, "हळू टेका." प्रत्येक तासानंतर हा क्लबच्या कँटीनमध्ये जायचा. आदळला तर दुःखाचं डबल ऑम्लेट, आणि चुकून नीट टेकला तर आनंदाचं, वर लोणी लावलेले चार पाव. ढग आले की उड्डाण रद्द व्हायचं आणि वाट बघता बघता केक. तिथलं हवामान बरंच ढगाळ होतं. बाई एवढ्या हलक्या आणि विमान चार जणांचं, त्यामुळे दोघांत मिळून वजनाचा प्रश्न कधी आलाच नाही. शर्टाची बटणं मात्र दर दोन महिन्यांनी बायको सरकवून लावत होती.

मग एक दिवस बाई काही न सांगता धावपट्टीच्या टोकाला विमानातून उतरल्या आणि म्हणाल्या, "आता एकटे जाऊन या." तिथे सगळ्यांनाच असं न सांगता सोडतात. कॅप्टन गेला, एक चक्कर मारून आला आणि उतरल्यावर पाच मिनिटं दरवाजाची कडी शोधत बसला. पुढे रेल्वेचे रूळ बघत बघत दुसऱ्या गावच्या धावपट्टीवर एकटा जाऊन आला. शेवटी परीक्षक शेजारी बसले, सव्वा तास फिरले आणि उतरल्यावर म्हणाले, "चालेल." दोन वर्षांनी परवाना हातात पडला. खरं सांगायचं तर या माणसानं आयुष्यात एक गोष्ट पुरी केली होती, आणि ती थोडीथोडकी नव्हती. पण गप्प बसेल तर तो कॅप्टन कसला?

परवाना घेऊन तो तडक सासऱ्यांकडे गेला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि कागद परत केला.

"कागद नका दाखवू जावईबापू. कागद मी एकतीस वर्षं बघितले. बसवून दाखवा."

"रविवारी, बाबा. तुम्ही, आई आणि ही. चौघं. तुमचं वजन तेवढं सांगा, तक्त्यात भरायला लागतं."

"चौऱ्याहत्तर. बुटांसकट," सासरे म्हणाले. "रोज सकाळी बघतो."

सासूबाई अडुसष्ट, बायको साठ. कॅप्टननं रात्री वजनाचा तक्ता काढला. टाकी भरलेली असली तर विमानात माणसं बसणार जास्तीत जास्त दोनशे पंच्याऐंशी किलोंची. चौऱ्याहत्तर, अडुसष्ट, साठ आणि आपले त्र्याऐंशी. बेरीज बरोबर दोनशे पंच्याऐंशी. विधात्यानंच जुळवून आणलंय म्हणून त्यानं खाली झोकात सही ठोकली.

"अहो, अर्धी टाकीच भरा," बायको म्हणाली. "तासाभराला अर्धी पुष्कळ झाली. त्या सोडलेल्या धड्यातच होतं ते."

"झोप आता," कॅप्टन म्हणाला.

रविवारी सकाळी स्वारी खांद्यावर चार सोनेरी पट्ट्यांचा कोट चढवून क्लबात आली. असले पट्टे विमान कंपनीचे वैमानिक लावतात, नळवाले नाही. विमान नऊ ते दहा मिळालं होतं, दहाला दुसऱ्याची परीक्षा होती. इंधनवाला पाइप घेऊन उभाच होता.

"साहेब, अर्धी का पूर्ण?" त्यानं विचारलं.

शेजारी सासरे उभे. कॅप्टननं त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि छाती फुगवली.

"टाकी फुल्ल करा! अर्धं काम आम्हाला ठाऊक नाही."

बायकोनं कपाळाला हात लावला. टाकी काठोकाठ भरली.

मग सगळे ऑफिसात आले. बाईंनी तक्ता मागितला, कॅप्टननं ऐटीत पुढे सरकवला, आणि वाटेत तो सासऱ्यांनी उचलला. आयुष्यभराची सवय, कागदावर वजन दिसलं की हात जायचाच. त्यांनी एकदा कागद वाचला आणि एकदा जावयाला. पोत्याकडे बघावं तसं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हे त्र्याऐंशी कोणी मोजलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"डॉक्टरांनी, बाबा. सरकारी नोंद आहे."

"कधी?"

"झाली असतील... दोन वर्षं."

"लिहिलेलं वजन म्हणजे वजन नव्हे," सासरे म्हणाले आणि कोपऱ्याकडे वळले. तिथे पार्सलं तोलायचा मोठा काटा होता. त्यांनी खाली वाकून त्याच्यावरची तपासणीची छाप बघितली, तारीख वाचली आणि स्वतः वर चढले. चौऱ्याहत्तर. "काटा खरा आहे," ते उतरताना म्हणाले, आणि त्या आवाजात असं काही होतं की कँटीनवालासुद्धा दारात येऊन उभा राहिला.

सासूबाई चढल्या. अडुसष्ट. बायको चढली. साठ. आता सगळे कॅप्टनकडे बघत होते.

"अहो, उशीर होतोय," कॅप्टन म्हणाला. "वारा फिरेल."

"वारा थांबेल," बाई म्हणाल्या. "चढा."

कॅप्टन चढला. काटा एकशे दहावर गेला आणि तिथेच राहिला.

"कोट जड आहे," तो म्हणाला. कोट काढला. "किल्ल्या आहेत दुकानाच्या." किल्ल्या काढल्या. मग पट्टा, घड्याळ, पाकीट, बूट. मोज्यांवर उभा राहून, एका हातानं पँट धरून, त्यानं पोट आत ओढलं. पोट आत ओढल्यानं वजन कमी होतं अशी त्याची प्रामाणिक समजूत असावी. काटा एकशे सातवर आला.

"काटाच चुकतोय बाबा," कॅप्टन म्हणाला.

"एकतीस वर्षं सगळे दुकानदार मला हेच सांगायचे," सासरे शांतपणे म्हणाले. "तीनशे नऊ झाले. चोवीस किलो जास्त."

"थोडं इंधन काढून टाकू मग."

"काढायला तास जाईल, आणि दहाला विमान परत पाहिजे," बाई म्हणाल्या.

एक माणूस खाली राहिला तर तिघं जाऊ शकत होते, हा हिशोब त्यालाही जमला. सासऱ्यांना ठेवून चालणार नव्हतं, सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच होता. तो सासूबाईंकडे वळला.

"आई, तुम्हाला उंचीचा त्रास होतो ना?"

"मला कसलाही त्रास होत नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी खिडकीसाठी नवा चष्मा करून आणलाय."

"मग तू थांबतेस का गं? तुला काय, पुढच्या रविवारी नेईन."

बायकोनं हातातली छत्री टेबलावर आपटली. "दोन वर्षं इस्त्री करता करता तुमचा अभ्यास मी केला," ती म्हणाली. "आणि खाली मी थांबू?"

भांडण रंगणार, तेवढ्यात बाईंनी तक्ता टेबलावर ठेवला.

"कोणालाच थांबवायची गरज नाही. हा तक्ता कोणी भरला?"

"मी," कॅप्टन म्हणाला.

"खाली सही कोणाची?"

"माझीच."

"मग आज तुम्हाला विमान नाही. न मोजता वजन लिहून सही करणाऱ्याच्या हातात मी तीन माणसं देणार नाही. तो राहिलेला धडा नीट करा, माझ्यासमोर पुन्हा तक्ता भरा, मग बघू." मग सासऱ्यांकडे वळून त्या जरा मऊ झाल्या. "तास राखून ठेवलाय, टाकी भरली आहे आणि तुम्ही एवढ्या लांबून आला आहात. मी नेते तुम्हाला. माझं वजन पन्नास."

"दोनशे बावन्न," सासऱ्यांनी तोंडी बेरीज केली. "तेहतीस किलो मोकळे." तरीसुद्धा त्यांनी बाईंना काट्यावर चढायला लावलं. पन्नास भरले. ते खूश झाले.

तिघं बाईंबरोबर निघून गेले. सासरे पुढे बसले, बाईंच्या शेजारी. कॅप्टनच्या हातात सासूबाईंची पर्स, बायकोची छत्री आणि स्वतःचा पट्ट्यांचा कोट. विमान उचललं, वळलं आणि झाडांच्या वर लहान होत गेलं. दोन वर्षं तो या एका तासासाठी आदळत होता, आणि तो तास त्याच्या डोक्यावरून चालला होता.

इंधनवाला पाइप गुंडाळत जवळ आला.

"साहेब, अर्धी टाकी भरली असती ना, तर पन्नासेक किलो सुटले असते," तो म्हणाला. "तुमचं खरं वजन लिहिलं असतं तरी तुम्ही चौघंही बसला असता."

"मला माहीत आहे," कॅप्टन म्हणाला. त्याला माहीत नव्हतं. बायकोला माहीत होतं.

कँटीनवाल्यानं न सांगताच नेहमीची बशी आणून ठेवली. नको नको म्हणत कॅप्टननं डबल ऑम्लेट संपवलं, चारही पाव संपवले, आणि शेवटच्या पावाला लोणी लावत असतानाच विमान अलगद टेकलं. असं टेकलं की कळलंसुद्धा नाही.

सासरे उतरले. केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी, आणि चेहऱ्यावर वीस वर्षांत जावयानं न बघितलेलं हसू. त्यांनी वळून बाईंच्या पाठीवर थाप मारली.

"शाबास पोरी," ते म्हणाले. "शाबास."

मग चालत कॅप्टनसमोर आले. त्याच्या मिशीला लोणी लागलेलं होतं. ते क्षणभर बघत राहिले आणि त्यांचा आवाज खाली आला.

"जावईबापू, मला वाटायचं, तुम्ही एकही गोष्ट पुरी करत नाही. माझी चूक झाली."

कॅप्टननं पर्स काखेत मारली. तो ताठ उभा राहिला. आता येणार तो शब्द, असं त्याला वाटलं.

"शंभर पुरे केलेत तुम्ही," सासरे म्हणाले, "वर सात."