मानाचा पीळ

एका जंगलात एकच सायकल होती, आणि तिच्याबद्दल मत नसलेला प्राणी एकही नव्हता.

सायकल होती गवोजीआजोबांच्या तरुणपणातली. गवोजी म्हणजे रानगवा. ते तिच्यावर कधी बसले नव्हते. बसले असते तर सायकल उरली नसती. पण 'आमच्या वेळी' असं म्हणून ते एकदा सुरू झाले, की ऐकणाऱ्या सापाची कात गळून पडे.

त्याच जंगलात शेवरी नावाची तरुण वानरी राहत होती. तिला टेकडीपलीकडच्या वनात पाणवठे तपासायचं काम मिळालं होतं. अट एकच. दसऱ्याला सूर्य डोक्यावर यायच्या आत हजर व्हायचं. नाहीतर काम दुसऱ्याला.

मुलांनो, तुम्ही विचाराल, वानरी झाडांवरून उड्या मारत का नाही गेली? कारण टेकडी बोडकी होती. तिथली झाडं कुठे गेली, ते घरच्या मोठ्यांना विचारा. ते विषय बदलतील.

तर सायकल हवी होती. आणि सायकलचं मागचं चाक लटलटत होतं.

ते का लटलटत होतं, तेही ऐका. त्या जंगलात दसऱ्याला सायकलची पूजा होई. झेंडू वाहून झाले, की एकेक ज्येष्ठ प्राणी पुढे येई आणि मागच्या चाकाचा नट पान्याने थोडा आवळी. याला मानाचा पीळ म्हणत. पीळ द्यायचा, सोडायचा नाही. सोडणं अशुभ.

गेल्या दसऱ्याला शेवरीची चुलत बहीण वेणू अशाच कामाला निघाली होती. पाच मानाचे पीळ घेऊन निघाली. अर्ध्या टेकडीवर चाक फिरेनासं झालं. तिने ते ओढून ओढून नेलं, तसे आतले छर्रे, म्हणजे चाक ज्यांच्यावर फिरतं त्या लोखंडी गोळ्या, फुटले. ती पोचली तेव्हा सूर्य कलला होता आणि तिच्या जागेवर एक ससा बसला होता.

'मुलीच्या पायात जोर नाही,' असा जंगलाने निकाल दिला. तेव्हापासून वेणू ज्येष्ठांसाठी बोरं निवडत होती. किडकी वेगळी, गोड वेगळी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेवरीने सायकल उलटी केली आणि चाक काढलं. लगेच तीन ज्येष्ठ जमले. गवोजीआजोबा, भालूकाका अस्वल आणि घोरपडआत्या.

"काय चाललंय?" भालूकाकांनी विचारलं.

"चाक लटपटतंय, काका. हब उघडतेय."

"उघडायचं कशाला? आवळ!"

"आवळून आवळूनच ही गत झालीय."

"म्हणजे कमी आवळलंय," गवोजी म्हणाले.

"आजोबा, चाक फिरायला हवं ना?"

"आधी घट्ट हवं. फिरायचं नंतर बघू."

घोरपडआत्या म्हणाली, "माझंच बघ. एकदा पकडलं की मी सोडत नाही. म्हणून नाव आहे आमचं."

"हो आत्या. पण तुमच्यावर बसून कुणी टेकडी चढत नाही."

"जीभ बघा पोरीची!" तिघं एकदम म्हणाले आणि जीभ अजून किती लांबते ते बघायला तिथेच बसले.

शेवरीने चाकाच्या मधोमध असलेलं हब उघडलं. आत ग्रीस वाळून खपली झाली होती. छर्‍यांचा चुरा झाला होता आणि कोन खरवडले होते. कोन म्हणजे आसावरचे, मधल्या दांड्यावरचे, ते दोन तुकडे, ज्यांच्यावर छर्रे फिरतात. एका बाजूला तर छर्‍यांच्या जागी चार गुंजा निघाल्या.

"या कुणी घातल्या?"

"मी," आत्या म्हणाली. "फटीतून सरकवल्या. लाल आहेत. शोभून दिसतात."

"आतमध्ये?"

"संस्कार आतच असतात, बाळ."

शेवरीने गुंजा काढून टाकल्या. फॉरेस्टवाल्यांच्या चौकीमागे भंगार पडलं होतं. तिथल्या एका मोडक्या चाकातून तिने आस, कोन आणि छर्रे आणले. हब पुसून ताजं ग्रीस भरलं. छर्रे एकेक करून बसवले. आता राहिली जुळणी, आणि तिला दोन पाने लागतात. एकाने कोन धरायचा, दुसऱ्याने बाहेरचा नट आवळायचा.

"वेणूताई, बोरं ठेव. कोन धर."

वेणूने कोन धरला. शेवरीने नट आवळला. चाक जड फिरलं.

"जरा सोड," वेणू म्हणाली. "नट आवळताना कोन आणखी दाबला जातो. म्हणून आधी केसभर ढिला ठेवायचा."

"तुला कसं माहीत?"

"वर्षभर बोरं निवडत होते. विचार करायला वेळ मिळाला."

कोन केसभर सोडला. नट आवळला. चाकाला बोट लावलं. चाक फिरलं, फिरतच राहिलं. लटलट नाही, खरखर नाही.

गवोजींनी खूर लावून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला.

"फारच सहज फिरतंय. उद्या मानाचे पीळ दिले की होईल बरोबर."

मुलांनो, शेवरी इथे अडकली. नाही म्हणावं, तर सायकल मिळणार नव्हती. हो म्हणावं, तर उद्यापासून दोघी बोरं निवडणार होत्या.

ती काढून ठेवलेल्या जुन्या आसाकडे बघत राहिली.

दसऱ्याच्या सकाळी सगळे जमले. झेंडूच्या माळेमध्ये एक सागाचा ओंडका मांडला होता. ओंडक्यात जुना आस ठोकून बसवला होता. त्याच्यावर जुना कोन होता, जुना नट होता, हळदकुंकू होतं.

शेवरी हात जोडून म्हणाली, "आजोबा, तुमच्या पिढ्यांनी ज्याला पीळ दिला, तो हा मूळ आस. मान ह्याचा. नवा आस काय, भंगारातला. त्याला कशाला तुमचा हात लागायला हवा?"

गवोजींचे डोळे भरून आले. "पोरीला कळायला लागलं," ते म्हणाले आणि पाना घेऊन पुढे झाले.

त्यांनी पीळ दिला. भालूकाकांनी दिला. आत्याने दिला. मग पहिला पीळ कुणाचा असायला हवा होता यावर वाद झाला, म्हणून सगळ्यांनी पुन्हा दिले.

या वादात सायकल निघून गेलेली कुणी पाहिली नाही. पुढे शेवरी होती, मागे कॅरिअरवर वेणू. बोरं तशीच पडली होती, गोड आणि किडकी एकत्र.

त्या पोचल्या तेव्हा सूर्य डोक्यावर यायला चांगला वेळ होता. तिथे दोन पाणवठे तपासायला माणूस नव्हतं. वानर चालणार होतं. दोघी कामाला लागल्या.

टिटवीने बातमी आणली तेव्हा गवोजीआजोबा घाम पुसत म्हणाले, "पोचणारच! पीळ कुणाचा होता?" आणि नट आणखी थोडा आवळला.

तात्पर्य : वडीलधाऱ्यांचा अनुभव कधीही वाया जाऊ देऊ नये. त्यासाठी घरात एक जादा नट नेहमी ठेवावा.