तारामती मावशींचा पेला

डिस्कवर लिहिता येत नाही, असं मशीनने पुन्हा एकदा कळवलं तेव्हा फैजानने कपाळाला हात लावला. लातूरच्या या कोचिंग क्लासात तो नवाच लागला होता आणि उद्या मुलांची पहिली ऑनलाइन सराव परीक्षा होती. उत्तरं साठवणारं लिनक्सचं मशीन तो ताण देऊन तपासत होता. डिस्कवर फायलींमागून फायली लिहायच्या, ती दमेपर्यंत. पण दमत होता तो स्वतःच.

"काय म्हणतंय तुमचं यंत्र?" क्लास चालवणाऱ्या रामलिंग सरांनी दारातून विचारलं.

"लिहिता लिहिता डिस्क गायब होते, सर. परत आली की म्हणते, आता फक्त वाचा, लिहू नका."

"आमची पोरं बी तेच करून राहिलीत. त्यासाठी तुम्हाला कशाला ठेवायचं?" सर जरा थांबले. "सांजेपर्यंत झालं न्हाई, तर उद्या कागदावर परीक्षा. अन् तुम्ही उमरीला."

उमरीत अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं, आणि 'पोरगा शिकून काय करतो' असं विचारल्याशिवाय हात पुढे न करणारी गिऱ्हाइकं होती.

फैजानने केबल बदलली. डिस्क बदलली. लिनक्स नव्याने टाकलं. हलकं काम दिलं की सगळं सुरळीत. ताण वाढवला की चूक ठरलेली. मशीन चहाच्या खोलीत होतं, कारण क्लासात रिकामा कोपरा तेवढाच. फैजान ऑफिसात बसून लॅपटॉपवरून हुकूम सोडायचा. शेवटी आशा सोडून तो मशीनसमोरच जाऊन बसला.

चाचणी सुरू झाली. मशीनला बाहेरून जोडलेला डिस्कचा डबा घरघरला, टेबल थरथरलं, आणि टेबलावरच्या उपड्या तांब्यावर कसाबसा टेकवलेला स्टीलचा पेला खणकन फरशीवर पडला. चहावाल्या तारामती मावशींनी गॅस बंद केला, भिंतीवरच्या बोर्डाचं बटण पाडलं आणि फैजानला दंडाला धरून अंगणात ओढलं.

"मावशी, हे काय?"

"पेला पडला की आधी लाइट बंद, मग भायेर. भूकंपापासून आमच्यात असंच हाय. आज तर लई येळा पडलाय."

मशीनला यूपीएस होता, बटण पाडलं तरी ते बॅटरीवर चालूच राहायचं. डिस्कचा डबा मात्र भिंतीवरच्या त्याच बोर्डावर. हे फैजानला आत्ता आठवलं.

"तो पेला उचला, मावशी."

"तू तवा जन्मला बी नव्हतास, बाबा. पेला न्हाई हलायचा. तुझं डबडं हलव."

त्याने डबा खाली ठेवला, घडी घातलेल्या पोत्यावर. संध्याकाळपर्यंत चाचणी एकाही चुकीशिवाय पार पडली. सर "बरं" म्हणाले. त्यांच्या मानाने ते पुष्कळ होतं. नंतर चहा गाळता गाळता मावशींनी आपलं गाव भूकंपात कसं जमीनदोस्त झालं ते सांगितलं. फैजानचा चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी परीक्षा रंगात आली होती. मुलं लिहीत होती, डिस्क लिहीत होती, फैजान मशीनजवळ पहारा देत होता. तेवढ्यात मागे पेला खणकन पडला.

आपण बटण कधी पाडलं, "भायेर पळा" असं कधी ओरडलो, हे त्याला नंतर सांगता आलं नाही. अंगणात पहिला पोचला तो. मागून अख्खा वर्ग, मग एका पायात चप्पल घातलेले रामलिंग सर. सगळ्यात शेवटी चहाची किटली घेऊन, सावकाश, तारामती मावशी.

"मांजर होतं," त्या म्हणाल्या. "सांगणारच होते, तर तू निघून बी गेलास."

फैजानच्या खिशातला फोन थरथरला. डिस्कवर लिहिता येत नाही, असं मशीन कळवत होतं.