चौघे हरले, मग जिंकला कोण?

"अख्ख्या फिनलंडमध्ये दोनच प्रकारची माणसं आहेत: विचार करणारी, आणि मी." खाजगी गुप्तहेर वेइयो कांतोकोर्पीने आपल्या कार्डावर हे वाक्य छापून घेतलं होतं. त्याचा अर्थ त्याला सोडून सगळ्यांना कळायचा. मी इल्मो, त्याच्या बायकोचा भाऊ आणि त्याचा सहायक. दोन्ही पदं बिनपगारी.

प्रकरण साधं होतं. अहती, ओस्मो, तानेली आणि मी, असे चौघे हिवाळाभर आपापल्या घरी बसून एका साइटवर पोकर खेळलो. साइट वेइयोनेच सुचवलेली. टेबल फक्त आमचं, पाचव्याला मज्जाव. बर्फ वितळल्यावर हिशेब काढला तर चौघेही हरलेले. जिंकलेला कोणी सापडेना.

म्हणजे कोणीतरी खोटं बोलत होता. गुरुवारचा सौना, म्हणजे आमचं एकत्र वाफेचं स्नान, बंद पडला. वीस वर्षं एका फळीवर उघडे बसलेले आम्ही, आता दुकानात एकमेकांना पाठ दाखवू लागलो.

"तू संशयितही आहेस आणि सहायकही," वेइयो मला म्हणाला. "जाण्यायेण्याचा खर्च वाचला."

पहिला संशय अहतीवर. त्याच्याकडे मासेमारीसाठी बर्फात भोक पाडायचं नवं कोरं यंत्र होतं.

"पैसे कुठून आले?"

"बायकोने घेऊन दिलं."

"कशाबद्दल?"

"रविवारी मी घरात दिसू नये म्हणून."

वेइयोने घरी येऊन बूट काढले. मग म्हणाला, "टेबलावर एक अदृश्य पाचवा बसतो." मी कान टवकारले. "पण खुर्च्या चारच आहेत," असं म्हणून त्याने तो विचार स्वतःच सोडून दिला.

मग त्याने साइट्सची तुलना केली. आमची साइट प्रत्येक डावातल्या रकमेचे पाच टक्के ठेवून घ्यायची, पण टेबलं कधीही हजर. दुसरी दोनच टक्के घ्यायची, पण तिथे स्मशानशांतता.

"पाच टक्के किरकोळ आहेत," वेइयो म्हणाला. "मुद्दा शांततेचा. चोर पैसे घेऊन शांत जागी जातो."

त्याने त्या साइटवर रिकाम्या टेबलाशी सापळा लावला. दोन संध्याकाळी कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी 'काळा मासा' नावाचा खेळाडू येऊन बसला.

"आला," वेइयो कुजबुजला. "विचार त्याला, कोण आहेस."

मी विचारलं. उत्तर आलं, "ओस्मो. स्वस्त आहे म्हणून आलो. उठू नकोस रे, इथे पहिलंच माणूस भेटलंय."

माझी बहीण सिर्का, म्हणजे वेइयोची बायको, ओव्हनमधून बन काढत होती. गावच्या अग्निशमन दलासाठी पैसे जमवायला बिंगोचे खेळ तीच घेते.

"डाव किती झाले हिवाळ्यात?" तिने विचारलं.

"हजारो," मी म्हणालो.

"आणि प्रत्येक वेळी साइटने घास घेतला. तेच पैसे चौघांत फिरले आणि फिरता फिरता झिजले. बिंगोत मी हेच करते. दलाचा नवा पंप काय आभाळातून पडला?"

"म्हणजे चोर कोणीच नाही?"

"चोर लपून घेतो. यांनी पहिल्याच पानावर लिहिलंय, आणि 'मान्य' तुम्हीच दाबलंत. हा तर ते पाच टक्के तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवत होता."

"पाचवा आहे, हे मी आधीच म्हटलं होतं," वेइयो म्हणाला आणि बनला हात घातला.

गुरुवारी चौघे पुन्हा एका फळीवर बसलो. माफी कोणी मागितली नाही. अहतीने तापल्या दगडांवर डावभर पाणी जास्त ओतलं, ते सगळ्यांना पुरलं.

नंतर ओसरीवर पत्ते मांडले. सिर्काने कॉफीचा रिकामा डबा मधोमध ठेवला. "दर डावाला दहा सेंट. सौन्याची लाकडं फुकट येत नाहीत." सगळ्यांनी मुकाट्याने टाकले.

वेइयो बराच वेळ डब्याकडे पाहत होता. मग त्याने मला कोपऱ्यात ओढलं.

"इल्मो, मागे बघू नकोस. चौघांचेही पैसे पुन्हा कमी होतायत."