वाघाच्या मिशीचा बारावा केस

एका जंगलात वाघ उरला नव्हता. मुलांनो, वाघ होता तेव्हा त्याचं नाव काढलं की सगळे पळत सुटत. तो गेल्यावर मात्र त्याच्याबद्दलचा आदर फार वाढला. इतका, की त्याच्या मिशीचे केस जमवण्याचा छंदच जंगलात सुरू झाला.

केस अस्सल आहे की नाही, याचा दाखला गिधाड देत असे. वाघाच्या अखेरच्या क्षणी ते जवळ होतं, आणि नंतरही बराच वेळ होतं. त्यामुळे त्याच्या दाखल्यावर कुणी शंका घेत नसे.

दाजीबा नावाच्या साळिंदराकडे असे अकरा केस होते. बारा झाले की संच पुरा होतो, असं लिलाव पुकारणाऱ्या धनेश पक्ष्यानं ठरवून दिलं होतं. वाघाच्या मिशीला मुळात केस किती होते, हे कुणाला सांगता येईना. ज्यांनी जिवंत वाघाला तितक्या जवळून पाहिलं होतं, ते सांगायला राहिले नव्हते.

“अहो, या केसांचं करायचं काय?” दाजीबाची बायको सगुणा विचारी.

“करायचं काही नसतं. ते जवळ असायचे असतात.”

“आणि खायचे कंद?”

“कंद काय, कुणाकडेही असतात.”

“आपल्याकडे नाहीत,” सगुणा म्हणे.

दाजीबा अशा वेळी केस पुसायला घेई.

लिलाव बेहड्याच्या झाडाखाली सकाळी भरत असे. त्या झाडाला वर एक ढोली होती. तिचं तोंड चिखलानं लिंपलेलं होतं आणि मध्ये फक्त एक फट होती. धनेशशेठनी सर्वांना खुलासा केला होता की, आत एक ग्राहक बसतात. पलीकडच्या जंगलातल्या राजघराण्यातले आहेत. चारचौघांत येणं त्यांना शोभत नाही. बोली लावायची असली की ते आतून टकटक करतात. एक टकटक म्हणजे आधीच्या बोलीहून थोडं जास्त.

आता, धनेशाची मादी अंडी घालायच्या दिवसांत ढोलीत बसते, तोंड लिंपून घेते आणि नर तिला फटीतून फळं भरवतो, हे जंगलातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण धनेशशेठ गळ्याशी पिवळी पिसं फुलवून लिलाव पुकारत. असा गृहस्थ असलं काही घरगुती करत असेल, असं कुणाच्या मनात आलं नाही.

बारावा केस निघाला त्या दिवशी दाजीबा पहिल्या रांगेत बसला होता.

“पावसाळ्याचे सगळे कंद,” तो म्हणाला.

अस्वलानं मधाचं एक पोळं सांगितलं आणि लगेच पश्चात्ताप होऊन बोली मागे घेतली.

“कंद, एक वार,” धनेश म्हणाला, आणि ढोलीकडे मान करून खोकला.

ढोलीतून टकटक झाली.

“राजघराणं पुढे आहे, दाजीबा. सोडून द्या. तुमचं नि त्यांचं काय.”

हे शेवटचं वाक्य दाजीबाला लागलं. “कंद, आणि माझ्या बिळाचं पुढचं दालन!”

“वा! एक वार.” धनेश खोकला. टकटक झाली.

“मागचं दालनसुद्धा!” दाजीबा उभा राहून ओरडला. “आख्खं बीळ!”

मुलांनो, साळिंदराकडे बिळापलीकडे काही नसतं. धनेशालाही ते माहीत होतं. या खेपेला त्याला खोकला आला नाही.

“एक वार, दोन वार, तीन वार! दाजीबा, राजघराण्यानं माघार घेतली!”

टाळ्या पडल्या. अस्वलानं मिठी मारली आणि काटे टोचल्यावर लगेच सोडली. दाजीबा केस घेऊन घरी गेला तो जवळजवळ नाचतच. बीळ पंधरा दिवसांत रिकामं करून द्यायचं होतं.

“कुणाला हरवलं म्हणालात?” सगुणानं विचारलं.

“राजघराण्याला.”

“मग ते आता कुठे राहतात?”

“कुठे म्हणजे? त्यांच्या महालात.”

“आणि आपण?”

दाजीबानं केस उजेडात धरून पाहिला.

दहाव्या दिवशी तो बेहड्याखालून जात होता. ढोलीचं लिंपण फुटलेलं होतं. खालच्या मुळावर एक धनेशीण बसली होती, अंगावरची पिसं झडलेली आणि रागावलेली.

“तुम्हीच का ते मिशीवाले?” ती म्हणाली. “तुमचा आवाज ओळखला मी. किती ओरडता हो!”

“आपण... राजघराण्यातल्या?”

“कसलं राजघराणं? तीन महिने त्या भोकात पिल्लं घेऊन बसले होते मी. आमच्या ह्यांनी सांगून ठेवलं होतं, मी खोकलो की चोचीनं टकटक कर, संध्याकाळी एक उंबर जादा देईन. तुमच्या दिवशी दोन उंबरं मिळायची होती. एकच दिलं. तेही किडकं.”

दाजीबानं घरी जाऊन सगुणाला सगळं सांगितलं.

इतक्या दिवसांत सगुणा पहिल्यांदाच हसली. “मग काय अडलंय? पंचायतीत जा. खोटी बोली होती म्हणा. बीळ राहील आपल्याकडे.”

दाजीबानं गव्याकडे तक्रार दिली. गवा पंचायतीचा प्रमुख होता, कारण त्याला बाजूला हो म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यानं दुसऱ्या दिवशीची सकाळ नेमून दिली.

त्या सकाळी दाजीबा निघाला, तर वाटेत अस्वल उभं होतं.

“दाजीबा, ढोलीत कुणी नव्हतं असं तू सांगणार म्हणे?”

“होती ना. धनेशाची बायको होती.”

“तेच ते. अरे, माझ्याकडचे चार केस मी त्या राजघराण्याच्या नाकावर टिच्चून घेतलेत. जो येतो त्याला मी ते सांगतो. उद्या राजघराणंच नव्हतं म्हटलं, तर माझ्याकडे काय राहिलं?”

“केस.”

“तेच म्हणतोय मी,” अस्वल कळवळून म्हणालं. “नुसते केस! आणि माझे चार. तुझे बारा आहेत. पुरा संच. सगळ्या जंगलात एकच.”

पंचायतीपुढे धनेशशेठ शांतपणे बसले होते. सगुणा मागे उभी होती. तिनं बिळात नव्यानं अंथरायला कोरडं गवतही जमवून आणलं होतं.

“सांग,” गवा म्हणाला. “ढोलीत कोण होतं? खरा ग्राहक नसेल तर सौदा रद्द. केस धनेशाला परत, बीळ तुझं.”

दाजीबानं सगुणाकडे पाहिलं. मग अस्वलाकडे. मग बारा केसांच्या जुडीकडे. ती त्यानं पुरावा म्हणून बरोबर आणली होती, आणि सकाळच्या उन्हात ती फारच सुंदर दिसत होती.

“राजघराण्यातलंच कुणीतरी होतं,” तो म्हणाला. “टकटक करण्यात एक अदब होती.”

“मग तक्रार कशाला केलीस?”

“त्यांनी इतक्या लवकर माघार घेतली, याचं वाईट वाटलं म्हणून.”

गव्यानं तक्रार निकाली काढली. धनेशशेठनी उठून दाजीबाला नमस्कार केला.

सगुणानं गवताचा भारा उचलला आणि करवंदीच्या जाळीखाली नेऊन पसरला. तेच आता त्यांचं घर होतं.

तिथे बारा केसांचा संच पाहायला लोक येऊ लागले. ते वाकून आत बघत, वा म्हणत आणि आपापल्या बिळात परत जात.

पुढचा लिलाव भरला. वाघाच्या नखाचा तुकडा निघाला होता. खवल्या मांजरानं वाळवीचं अर्धं वारूळ सांगितलं. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं आणि बीळही नवं होतं.

“एक वार,” धनेश म्हणाला, आणि नव्यानं लिंपलेल्या ढोलीकडे मान करून खोकला.

ढोली गप्प राहिली. धनेशीण किडक्या उंबरावरून रुसून माहेरी गेली होती, हे फक्त धनेशाला माहीत होतं. तो पुन्हा खोकला. मग आणखी जोरात खोकला. मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

“राजघराण्याला यात गोडी नाही की काय?” कुणीतरी म्हणालं. “मग त्या केसांना तरी काय अर्थ?”

दाजीबा हळूच झाडामागे गेला. पाठीवरचा एक काटा त्यानं उपटला, आणि बुंध्यावर टकटक केली. अगदी अदबीनं.

“आहेत! आहेत!” मंडळी आनंदानं ओरडली.

खवल्या मांजर ताडकन उभं राहिलं. “माझ्या बिळाचं पुढचं दालन!” ते म्हणालं.

दाजीबानं पुन्हा टकटक केली. याबद्दल त्याला एक उंबरसुद्धा मिळणार नव्हतं.

तात्पर्य : मुलांनो, लिलावात आपण फसलो असं लक्षात आलं, तर सगळ्यांना खरं काय ते ताबडतोब सांगावं. फक्त त्याआधी घेतलेली वस्तू दुसऱ्या कुणाला तरी विकून टाकावी.