निरीक्षकांची गुळणी

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचा आकडा आला आणि मिझुकुरा नगरपालिकेचे सांडपाणी-निरीक्षक कुसाका योशिहिसा यांनी तो उभे राहून वाचला. सांडपाणी असत्य बोलत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. मनुष्य मास्कआड शिंक गिळतो. परंतु त्याच्या घरातून निघालेले पाणी सर्व काही सांगून टाकते. पूर्ववाडीतील समाजगृहापुढच्या, त्यांनीच तपासलेल्या मॅनहोलमध्ये श्वसनरोगाच्या विषाणूने धोक्याची रेषा ओलांडली होती.

आणि त्याच समाजगृहात येत्या रविवारी मोतेगीबाईंच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षाचा सोहळा होता. बाईंनी अर्ध्या शहराला अक्षरे शिकवली होती आणि अक्षरांच्याही आधी गुळणी. कुसाका त्यांचे विद्यार्थी. सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने करावयाचे अकरा पानांचे भाषण त्यांनी पाठ केले होते. परंतु रेषा ओलांडली की वृद्धांचे मेळावे रद्द, हा नियमही त्यांनीच लिहिलेला.

"साहेब, डोळे लाल झालेत तुमचे," सहायक हामुरा म्हणाली.

"पराग गं. देवदाराचे. मार्चमध्ये अख्खं गाव शिंकतं."

शुक्रवारपर्यंत रोगाचे मूळ शोधून काढण्याचा त्यांनी निश्चय केला. मूळ एखाद्याच गल्लीत सापडले, तर सोहळा वाचणार होता. पूर्ववाडीतल्या सात मॅनहोलांपैकी चार त्यांनी स्वतःकडे ठेवले, तीन हामुराला दिले. विधी ठरलेला होता. झाकण उघडून दोरीने कापसाचा बोळा पाण्यात सोडायचा आणि तासाभराने काढायचा. मधल्या वेळात, साथीच्या भयाने, कुसाका कोणाच्या घरात पाऊल टाकत नसत. लगतच्या अंगणातील मोरीवर हात धुऊन तीनदा खळखळून गुळणी करीत.

बुधवारी आकडे आले. कुसाकांचे चारही मॅनहोल रेषेपार, हामुराचे तिन्ही निर्मळ.

"बोळा नीट सोडलास का?"

"सोडला की, साहेब."

"आणि गुळणी?"

"तिथे कुठे गुळणी? ऑफिसात येऊन केली."

"तेच! शिस्त नाही, म्हणून आकडा नाही."

दुसऱ्या दिवशी हामुराचे तिन्ही मॅनहोल त्यांनी स्वतः यथाविधी तपासले. शुक्रवारी तेही रेषेपार गेले.

"पाहिलंस?" विजयी पुरुषाच्या करुणेने कुसाका म्हणाले.

"पण दवाखाना रिकामा आहे, साहेब! डॉक्टर माशा मारत बसलेत."

"भरेल. पाणी आधी सांगतं, खोकला मागून येतो."

त्या दुपारी जड अंतःकरणाने ते मोतेगीबाईंच्या कुंपणाबाहेर उभे राहिले. बाई ओसरीवर बसल्या होत्या; सोहळ्याचे पिवळे जाकीट मांडीवर होते आणि त्याच्या गुंड्या त्या पुनःपुन्हा तपासत होत्या.

"बाई, सोहळा रद्द करावा लागेल."

"का रे योशी? कुणी आजारी आहे?"

"कुणीच नाही. म्हणजे... सगळेच. पाणी सांगतंय."

बाईंनी जाकिटाची घडी घातली. आवाज मात्र वर्गातलाच होता. "ते पाणी काढतोस कसं? क्रमानं सांग."

कुसाका ताठ झाले. "झाकण उघडतो. बोळा सोडतो. मग शेजारच्या मोरीवर हात धुतो."

"आणि?"

"गुळणी करतो, बाई! तीनदा! तुम्ही शिकवलीत तश्शी."

"शाब्बास. आणि ते गुळणीचं पाणी जातं कुठे?"

ज्या प्रश्नावर कुसाकांची तीस वर्षांची कारकीर्द उभी होती, तो त्यांना प्रथमच कोणी विचारला होता. उत्तरादाखल त्यांना शिंक आली.

"हे पराग नव्हेत," म्हणत बाईंनी सरकते दार लावून घेतले.

घरी केलेल्या चाचणीत दोन ठसठशीत रेघा उमटल्या. शनिवारी हामुराने सातही मॅनहोल एकटीने तपासले, सर्व निर्मळ! अहवाल कुसाकांनी अंथरुणातून फोनवर सांगितला: "मूळ सापडले. वय त्रेपन्न. पराग निर्दोष."

"नाव लिहू का, साहेब?"

"लिही, ठळक लिही. तीस वर्षांतला पहिलाच शोध आहे माझा."

रविवारी सोहळा थाटात झाला. अकरा पानांतली दोनच पाने वाचून हामुराने टाळ्या मिळवल्या. सायंकाळी कुसाकांच्या दाराबाहेर लाल चवळीच्या भाताचा डबा होता आणि त्याखाली त्यांचे भाषण, तांबड्या शाईने तपासलेले. अखेरच्या पानावर, बाई लहान मुलांना शाबासकीदाखल काढून देत तसले पाकळ्यांचे फूल होते आणि शेरा: "गुळणी: उत्तम. जागा: चूक. घरी करून दाखव."

कुसाका आज्ञाधारकपणे मोरीपाशी गेले. तीनदा गुळणी केली, पाणी गोल फिरून नाहीसे होईपर्यंत हात जोडून पाहिले आणि मग हामुराला फोन लावला.

"उद्या आमच्या गल्लीचा आकडा चढेल. शोधत बसू नकोस, मीच आहे."