कंट्रोलरसाहेबांचा कंडक्टर

आमच्या अंगणातल्या नळाला पाणी आलं की आधी टिंगटाँग वाजतं आणि मग एक भारदस्त आवाज सांगतो, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नळ आपल्या अंगणात लागलेला आहे. हंडे, कळशा आणि बादल्यांनी रांगेत उभे राहावे." पाणी गेलं की तोच आवाज म्हणतो, "नळ सुटलेला आहे. राहिलेल्या भांड्यांनी पुढील फेरीची वाट पाहावी." घरात नवा पाहुणा असला तर तो सवयीनं पिशवी उचलून उभा राहतो.

हा आवाज आमच्या गल्लीतल्या नामदेवराव इंगळ्यांचा. आमच्या वाशीमकडच्या मालेगावात त्यांना नामदेवराव म्हणून विचारलं तर घर सापडणार नाही. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, म्हणून लहानथोर सगळे कंट्रोलरसाहेबच म्हणतात. निवृत्त झाले तेव्हा स्टँडवरचा भोंगा स्टँडवर राहिला आणि आवाज साहेबांबरोबर घरी आला. त्याला काही काम हवं होतं.

ते काम साहेबांना कपाटात सापडलं. मुलगा शिकत असताना त्यानं एक स्वस्तातला कम्प्युटर घेतला होता. कम्प्युटर म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसलं त्यात काही नाही. पडदा नाही, बटणं नाहीत, पेटी नाही. पत्त्याच्या कॅटाएवढी एक हिरवी पाटी, तिच्यावर काळे चौकोन, कडेला वायरी खुपसायला भोकं आणि पोटात नखाएवढं कार्ड. टीव्हीला जोडली की कम्प्युटर, नाहीतर शिकवाल ते एकच काम इमानानं करत बसते. एका बऱ्या साडीच्या पैशात येते. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि पाटी इथंच राहिली. साहेबांनी मोबाईलवर बघून बघून तिला बोलायला शिकवलं. नळाखाली दोन तारा सोडायच्या, त्या ओल्या झाल्या की पाटीला कळतं आणि ती साहेबांच्या आवाजात ओरडते.

साहेब तिला पाटी म्हणत नाहीत, कंडक्टर म्हणतात. मला समजावून सांगताना म्हणाले, "पाणी म्हंजे गाडी. ते येते तवा येते, आपल्या हातात नाई. पण कंडक्टरनं घंटी मारल्याबिगर कोणाले कयते का गाडी आली म्हून?"

पाटी तापते, तिला हवा लागते. त्यासाठी साहेबांनी तिला प्लास्टिकच्या साबणदाणीत बसवलं. भोकं आधीच पाडलेली असतात, हे त्यांनी मला इतक्या अभिमानानं दाखवलं की ती त्यांनी स्वतःच पाडली असावीत असं वाटावं. मग एकेकानं पाटी मागवली आणि साहेबांनी ती बसवून दिली. आमच्या गल्लीत आता निम्म्या घरांत भिंतीवर साबणदाणी आहे आणि साबण मात्र दगडावर.

घंटी हा शब्द साहेबांच्या तोंडी सारखा असतो. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे एसटीतलं सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण साहेबांचा सगळा संसार त्यावर चालतो. चहा घेणार का विचारलं की "डबल बेल". पंगतीत जिलबीवाला ताटावर वाकला की पहिल्या तीन वेळा "डबल बेल" आणि चौथ्यांदा नाइलाजानं "सिंगल". गल्लीतल्या एका लग्नात अंतरपाट धरला होता, भटजी मंगलाष्टकं काही आवरेनात, तेव्हा मागून "डबल बेल द्या ना महाराज" असं ऐकू आलं. नवरदेवानं लगेच हार टाकला.

घरी साहेब एकटेच. त्यांच्या मंडळी, मालतीबाई, सुनेच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेल्या, तो नातू आता शाळेत जातो. साहेबही तिकडे राहून आले आणि पंधरवड्यात परतले. काहून आले असं शेजारच्या शबानाभाभींनी विचारलं तर म्हणाले, "सातव्या मजल्यावर ठेवलं होतं मले. तिथून कोणती गाडी आली अन् कोणती गेली, काई दिसतच नाई." त्यांच्या घरात कुकरचीही घोषणा होते. "तिसरी शिट्टी झालेली आहे, प्रवाशांनी ताट घ्यावे." प्रवासी एकच.

तर हा कंडक्टर आमच्याकडे उत्तम चालायचा, पण मधूनमधून मुका व्हायचा. मी फोन केला की साहेब हजर. चप्पल बाहेर, चष्मा कपाळावरून नाकावर. साबणदाणी उघडायची, नखाएवढं कार्ड काढून सदऱ्याला पुसायचं, परत घालायचं, पिन खोचायची. लाल दिवा लागायचा आणि हिरवा लुकलुकायला लागायचा. खरं तर पाटी जागी व्हायला मिनिटभर लागतं. पण साहेब म्हणायचे, "बसू द्या त्याले. प्रवासी चढून राह्यले अजून." मग मी चहा टाकायची आणि प्रवासी चढेपर्यंत स्टँडवरच्या गोष्टी निघायच्या. अनसिंगच्या गाडीत एक बाई बोकड घेऊन चढली आणि त्याचं हाफ तिकीट मागत होती. कंडक्टर म्हणाला, वय सांगा. ती म्हणाली, दाखला घरी राह्यला. हसून हसून माझा चहा उतू जायचा.

आमचं वाशीम रोडवर बी-बियाण्यांचं दुकान आहे. मी दुपारी घरी असते ती फक्त गुरुवारी, दुकान बंद असतं तेव्हा. कंडक्टर गुरुवारीच मुका होतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण धंद्याच्या माणसाला गुरुवारीच सगळे बिघाड दिसतात, म्हणून सोडून दिलं.

मग कुरड्यांचा घोळ झाला. गहू भिजत घातलेला, दुसऱ्या दिवशी सकाळी चीक शिजवायला बायका येणार आणि घरात पाण्याचा ठणठणाट. तो गुरुवार होता. दुपारी मी आतल्या खोलीत, नळ आला आणि गेला, कंडक्टर गप्प. मी संतापून कळशी घेऊन शबानाभाभींकडे गेले. त्या म्हणाल्या, "आमचं तं शनीचरले बंद पडते. बराबर चार बजे. चाय चढवायच्या टायमाले." पलीकडे कमलबाईंचं सोमवारी, तेही चारलाच. फक्त सरनाईक मास्तरांच्या घरचा कंडक्टर आजवर एकदाही बंद पडला नव्हता.

सरनाईकांकडे आलेल्याला पाणी विचारतात. चहा नाही.

भाभी आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि कळशी खाली ठेवून पोट धरून हसलो. साहेबांनी बिघाडांचंही टाइमटेबल लावलं होतं. त्यांच्या उभ्या नोकरीत एकही गाडी इतकी वेळेवर सुटली नसेल.

पण पाणी ते पाणी. दुसऱ्या दिवशी साहेब समोरून जात होते, त्यांना थांबवलं. चहाचं काही बोलले नाही. एवढंच म्हटलं की असं बंद पडणार असेल तर ही साबणदाणी घेऊन जा, मी अकोल्याहून पाणी आलं की वाजणारा तयार भोंगा आणते.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काढू नका वयनी," ते म्हणाले. "आता नाई पडणार बंद."

आणि पडला नाही. गुरुवार आला, गेला. दुसरा आला. कंडक्टर खणखणीत बोलत होता. साहेब सायकलवरून जाताना फाटकाशी पाय टेकायचे.

"चालू हाय ना?"

"चालू आहे साहेब."

"मंग काय," म्हणायचे आणि पायडल मारायचे. मी आत या म्हटलं तर म्हणायचे, काम काय तिथं. काम नसताना कोणाच्या घरात शिरणं त्यांना जमत नव्हतं. स्टँडवरही ते कधी उगाच उभे राहिले नसतील.

शनिवारी भाभी भिंतीवरून म्हणाल्या, "तुमी काय बोलल्या त्याले? माह्याकडचा बी सुधरला. चायचं भगोनं चढलंच नाई शेगडीवर."

पुढच्या गुरुवारी सकाळीच नळ येऊन गेला. हंडे भरले, टाकी भरली. दुपारी चारच्या सुमाराला मी स्टुलावर चढले, साबणदाणीतली पिन उपटली आणि फोन केला. "साहेब, बंद पडलाय."

फोन ठेवते न ठेवते तोच फाटकाशी सायकलची घंटी.

चप्पल बाहेर, चष्मा नाकावर. साहेबांनी साबणदाणी उघडायला हात घातला आणि थांबले. पिन वायरीला लोंबकळत होती. त्यांनी पिनेकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जुना मॉडेल हाय वयनी," ते हळूच म्हणाले. "पिन सुटते कधीमधी."

"सुटू द्या," मी म्हटलं. "पण नळ येऊन गेल्यावर. आधी सुटली तर भोंगा आणीन."

साहेबांनी पिन खोचली. लाल दिवा लागला, हिरवा लुकलुकायला लागला. ते खुर्चीवर नीट टेकून बसले.

"बसू द्या त्याले," म्हणाले. "लय दिवसाचे प्रवासी हायेत."

मी चहाचं आधण ठेवलं आणि आतूनच विचारलं, अर्धा कप की पूर्ण. मी वाकून बघितलं. साहेब रिकाम्या बशीवर चमचा घेऊन बसले होते. त्यांनी तो दोनदा वाजवला.